लॅक्रॉसमध्ये डिफेन्स खेळायचंय? साहित्य घेताना आधी काय, मग काय

लॅक्रॉस २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये खेळला जाणार आहे, आणि तो निर्णय झाला आपल्याच राज्यात. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं होतं. क्रिकेट आणि स्क्वॉशच्या जोडीला लॅक्रॉसलाही तिथेच मंजुरी मिळाली. गाजावाजा अर्थातच क्रिकेटचा झाला. तरी तालुक्याच्या गावातली काही पोरं मोबाइलवर लॅक्रॉसचे सामने शोधून पाहू लागली. त्यात डिफेन्सचा गडी सहा फुटी दांडा घेऊन समोरच्याला अडवताना दिसतो आणि मग पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सर, तो लंबा दांडा कुठी भेटते?"

दांडा भेटतो, मागवावा लागतो. पण माझं सरळ मत आहे की बहुतेकांनी तो आत्ता घेऊच नये. का, ते खाली सांगतो. त्याआधी, ज्यांनी हा खेळ पाहिलेलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: हातात एक स्टिक, तिच्या टोकाला जाळी लावलेलं हेड, भरीव रबरी चेंडू, आणि सहा फूट रुंद, सहा फूट उंच गोल. चेंडू जाळीत झेलायचा, जाळीतूनच पास द्यायचा, जाळीतूनच गोलात मारायचा. पुरुषांच्या खेळात समोरच्याच्या स्टिकवर आपल्या स्टिकनं फटका मारून चेंडू पाडणं नियमात बसतं. साहित्याचा सगळा प्रपंच उभा आहे तो यापायी.

पहिली पायरी: कोणता लॅक्रॉस?

मैदानी लॅक्रॉसचे दोन प्रकार इथं आपल्या कामाचे. जुना, मोठा प्रकार म्हणजे फील्ड लॅक्रॉस. पुरुषांच्या सामन्यात एका बाजूला दहा खेळाडू: एक गोलकीपर, तीन डिफेन्स, तीन मिडफील्ड, तीन अटॅक. मैदान ११० यार्ड लांब, ६० यार्ड रुंद. यात एका संघाला एका वेळी चार लाँग पोल मैदानात ठेवता येतात, म्हणजे तिन्ही डिफेन्सवाले आणि एखादा मिडफील्डर. लाँग पोलची लांबी हेड धरून ५२ ते ७२ इंच. बाकीच्यांची स्टिक ४० ते ४२ इंचांची, तिला खेळाडू 'शॉर्टी' म्हणतात.

दुसरा प्रकार सिक्सेस. गोलकीपरसह सहा जण, मैदान ७० मीटर बाय ३६ मीटर, आठ मिनिटांचे चार डाव आणि ३० सेकंदांत गोलाकडे फटका मारण्याचं बंधन. ऑलिंपिकमध्ये हाच प्रकार आहे. आणि सिक्सेसमध्ये लाँग पोलला परवानगीच नाही. गोलकीपर सोडला तर सगळ्यांच्या हातात शॉर्टी.

आता आपल्या गावाचा हिशेब करा. फील्ड लॅक्रॉसला दोन्ही बाजूंची वीस पोरं पूर्ण साहित्यानिशी उभी करायची, आणि एवढं लांबरुंद सपाट मैदान शोधायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या मागं ७० बाय ३६ मीटरची जागा बऱ्याच ठिकाणी निघते. पोळ्यानंतर गवत कापून घेतलं की झालं. पुढची काही वर्षं ग्रामीण भागात जो काही लॅक्रॉस होईल तो बहुतांशी सिक्सेसच होईल, असं मला वाटतं. तिथं सहा फुटी पोल घेऊन गेलात तर पंच तो बाजूला ठेवायला लावतील.

शिवाय सिक्सेसमध्ये कुणीच नुसता डिफेन्सवाला नसतो. चेंडू हिसकावला की तोच घेऊन पुढं पळायचं, वेळ पडली तर गोलही मारायचा. म्हणून तिथल्या 'डिफेन्सच्या साहित्या'चा अर्थ एवढाच की शॉर्टी मजबूत हवी, हेड जमिनीवरचा चेंडू चटकन उचलणारं हवं, आणि अंगावरचं संरक्षण पळायला अडणार नाही असं हवं.

तेव्हा क्रम असा धरा: अंगावरचं संरक्षण, मग चांगली शॉर्टी. फील्ड लॅक्रॉसचा संघ खरोखर जुळलाच तर त्यानंतर लाँग पोल.

डोकं: क्रिकेटचं हेल्मेट का चालत नाही

गावात क्रिकेटचं हेल्मेट कुणाकडे ना कुणाकडे असतंच. "तेच घालू ना सर" हा दुसरा ठरलेला प्रश्न. उत्तर नाही असं आहे, आणि त्यामागं साधं गणित आहे. क्रिकेटच्या चेंडूचा व्यास सुमारे ७.२ सेंटिमीटर. लॅक्रॉसच्या चेंडूचा परीघ पावणेआठ ते आठ इंच, म्हणजे व्यास साधारण ६.३ ते ६.५ सेंटिमीटर. क्रिकेटच्या हेल्मेटची जाळी क्रिकेटचा चेंडू अडवण्याच्या हिशेबानं बनलेली असते. तिच्या फटीतून हा लहान चेंडू आत घुसू शकतो. वजन फार कमी असतं असंही नाही: क्रिकेटचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅम, लॅक्रॉसचा १४२ ते १४९ ग्रॅम, तोही भरीव रबर. त्यात लॅक्रॉसमध्ये स्टिकचे फटके बाजूनं, मागून, वरून कुठूनही येतात. क्रिकेटच्या हेल्मेटला असल्या फटक्यांची सवय नसते.

लॅक्रॉसचंच हेल्मेट घ्या. आत किंवा मागे एनओसीएसएई या अमेरिकन मानक संस्थेचा शिक्का आहे का ते बघा. खेळाडू त्याला 'नॉक्सी' म्हणतात. जुनं हेल्मेट घेत असाल तर कवचावर बोट फिरवून बारीक तडा लागतो का पाहा, जाळीचे स्क्रू गंजलेत का पाहा, आतलं पॅडिंग दाबून सोडलं की परत वर येतं का पाहा. बनवल्याचं साल वाचता येत नसेल, शिक्का खरवडलेला असेल, तर कितीही स्वस्त मिळालं तरी सोडून द्या.

मापासाठी कपड्याची टेप भुवयांच्या एक बोट वरून डोक्याभोवती फिरवा. हेल्मेट घातल्यावर दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. कपाळाची कातडी हेल्मेटबरोबर सरकली तर माप बरोबर. हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं आहे. आपल्याकडे एक सवय आहे, उन्हात डोक्याला दुपट्टा गुंडाळायची. दुपट्ट्यावर हेल्मेट घालू नका. दुपट्टा घामानं ओला होऊन सरकतो आणि ऐन फटक्याच्या वेळी हेल्मेट डोळ्यांवर येतं. घाम टिपायला कपाळपट्टी पुरे.

दातांसाठी माउथगार्ड. गरम पाण्यात मऊ करून दातांत दाबून आकार द्यायचा प्रकार बॉक्सिंगच्या साहित्यासोबत ऑनलाइन सहज मिळतो आणि तो चालतो. पारदर्शक घेऊ नका. तोंडात आहे की नाही हे पंचाला लांबून दिसलं पाहिजे. जांघेचं संरक्षण करणारा एल-गार्ड मात्र क्रिकेटचा चालतो, त्यावर वेगळा पैसा घालवायची गरज नाही.

हात: इथं कंजूसी नको

डिफेन्सवाल्यांच्या साहित्यात मी सगळ्यात जास्त जोर ग्लोव्ह्जवर देतो. नियम असा आहे की स्टिक धरलेला ग्लोव्ह हा स्टिकचाच भाग समजतात. त्यावर बसलेला फटका फाऊल धरला जात नाही. डिफेन्सवाला म्हणून तुम्ही समोरच्याच्या हातांवर नेम धरणार हे खरं, पण चेंडू हिसकावून तुम्ही पळालात की तोच समोरचा तुमच्या मागं लागतो आणि तुमच्या बोटांवर फटके द्यायला लागतो. शेतीच्या हंगामात अंगठा मोडून बसणं कुणालाच परवडत नाही.

ग्लोव्ह्जचं माप इंचांत येतं. १० इंच लहान मुलांसाठी, १२ इंच मध्यम, १३ इंच बऱ्याच मोठ्या माणसांना बसतं. तक्त्यापेक्षा हातात घालून बघणं चांगलं, ते जमत नसेल तर विकणाऱ्याकडून मापाचा फोटो मागवा. घातल्यावर तीन गोष्टी बघायच्या. बोटांची टोकं ग्लोव्ह्जच्या टोकाला जवळजवळ टेकली पाहिजेत. मूठ पूर्ण वळली पाहिजे, आणि वळलेल्या मुठीत एक इंच जाडीचा दांडा नीट फिरवता आला पाहिजे. तिसरी म्हणजे मनगटावरची जागा. ग्लोव्ह्जचं कफ संपतं आणि कोपराचं पॅड सुरू होतं, त्यामध्ये उघडी कातडी राहते. ती चार बोटांपेक्षा जास्त दिसली तर मोठं कफ असलेले ग्लोव्ह्ज घ्या किंवा लांब पॅड घ्या. डिफेन्सवाला एक हात दांड्याच्या शेवटाला आणि दुसरा बराच पुढं ठेवून स्टिक लांब करतो, तेव्हा नेमकी हीच जागा उघडी पडते.

अंगठ्यावर मात्र खास नजर ठेवा. चांगल्या ग्लोव्ह्जमध्ये अंगठ्याला बाहेरून एक कडक तुकडा आणि आतून जाड फोम असतो, आणि अंगठा मागं वाकत नाही. बॅटिंगचे ग्लोव्ह्ज इथंच कमी पडतात. त्यांचं संरक्षण समोरून येणाऱ्या चेंडूसाठी असतं, बाजूनं येणाऱ्या दांड्यासाठी नसतं. नुसते पास-झेल करताना बॅटिंगचे ग्लोव्ह्ज घातले तर हरकत नाही, पण अंगाला अंग लागणाऱ्या सरावात नको.

तळहाताची बाजू पातळ असते, दांड्याचा स्पर्श कळावा म्हणून. आपल्या घामानं आणि मिठानं ती कडक होऊन फाटते. काही जण दांडा चांगला कळतो म्हणून तळहाताचं कापड कापून टाकतात. तसे ग्लोव्ह्ज नियमात बसत नाहीत. फाटलं तर मोच्याकडून मऊ, पातळ चामड्याचं ठिगळ लावून घ्या, चांगलं टिकतं.

छाती, खांदे आणि कोपर

छातीवर, नेमक्या हृदयाच्या जागी, ठोक्याच्या एका विशिष्ट क्षणी चेंडू बसला तर हृदयाची लय बिघडून धडधाकट पोरगं जागच्या जागी कोसळू शकतं. हाड मोडत नाही, वरून जखम दिसत नाही. डॉक्टरी भाषेत याला कमोशिओ कॉर्डिस म्हणतात. प्रकार दुर्मीळ आहे, पण डिफेन्सवाल्याचं कामच फटका मारणाऱ्याच्या समोर जाऊन उभं राहायचं आहे, त्यामुळे त्याच्या वाटेला धोका जास्त. अमेरिकेत म्हणूनच एनओसीएसएईचं एनडी २०० नावाचं मानक आलं आणि तिथल्या शालेय खेळात ते गोलकीपरला २०२१ पासून, बाकी खेळाडूंना २०२२ पासून सक्तीचं झालं.

आपल्यासाठी अर्थ सोपा: खांद्याचं पॅड घेताना 'एनडी २००' लिहिलेलं आहे का तेवढं बघा. जुन्या मालात स्वस्त पॅडं भरपूर मिळतात आणि त्यातली बरीच या मानकाच्या आधीची असतात. मुरलेले डिफेन्सवाले खांद्यावर कमीत कमी भार असलेलं, बनियनसारखं पातळ पॅड पसंत करतात, कारण जाड खांद्यांत दांडा वर उचलायला त्रास होतो. पातळ घ्यायला हरकत नाही, छातीवरचा मानकाचा तुकडा मात्र असलाच पाहिजे. शिवाय संघातल्या दोघा-तिघांना सीपीआर, म्हणजे छाती दाबून करायचा प्रथमोपचार, आलाच पाहिजे आणि १०८ ची गाडी यायला तुमच्या गावी किती वेळ लागतो हे आधीच माहीत हवं.

कोपराच्या पॅडांचं तसं नाही. तुम्ही फटके खाण्यापेक्षा देता जास्त, म्हणून पुढं पुढं डिफेन्सवाले नुसत्या कोपराच्या गोल पॅडवर भागवतात. सुरुवातीच्या वर्षी मात्र दंडापासून मनगटाजवळपर्यंत येणारं पॅड घ्या. नव्या पोरांचे फटके स्टिकवर कमी आणि हातावर जास्त बसतात.

स्टिक: हेड, जाळी, दांडा

पहिली शॉर्टी 'कम्प्लीट' घ्या, म्हणजे दांडा, हेड आणि विणलेली जाळी एकत्र. जोडाजोडीच्या भानगडीत नंतर पडता येईल.

हेड बघताना डिफेन्सवाल्यानं दोन गोष्टी मागायच्या: कडकपणा आणि रुंद तोंड. कडकपणा तपासायला हेडचं टोक जमिनीवर टेकवा, दांडा तिरपा धरा आणि हळूहळू भार द्या. मान, म्हणजे जिथं हेड दांड्यात बसतं ती जागा, लगेच वाकायला लागली तर ते हेड अटॅकवाल्यांना द्या. रुंद तोंडामुळे पास मध्येच अडवणं आणि चेंडू उचलणं सोपं जातं. टोकाचा आकार जरा सपाट असावा. आपल्याकडे चेंडू जास्त वेळ जमिनीवरच असतो, मुरमावर तो विचित्र उसळतो, आणि अगदी टोकेरी हेड खड्याला अडकून वरून निघून जातं. डिफेन्ससाठी बनवलेली हेडं बऱ्याच कंपन्यांची आहेत: स्ट्रिंगकिंगचं मार्क २डी, एसटीएक्सचं हॅमर, वॉरियरचं रेग्युलेटर. नावापेक्षा हातात घेऊन वाकवून बघणं महत्त्वाचं.

जाळीला 'मेश' म्हणतात. मऊ, मध्यम, कडक असे प्रकार येतात. डिफेन्ससाठी मध्यम किंवा थोडी कडक, पाणी न पिणारी सिंथेटिक घ्या. चामड्याच्या दोऱ्यांची जुनी पारंपरिक विण दिसायला देखणी असते, पण मृगाच्या पहिल्या सरीत भिजली की ताणते आणि चेंडू भलतीकडेच जातो. पॉकेट, म्हणजे चेंडू बसायचा खोलगट भाग, हेडच्या मध्यावर असावा. पार वर असला तर लांब पास देताना चेंडू लवकर सुटून उंच जातो, फार खोल असला तर चेंडू वेळेवर सुटतच नाही आणि खाली आपटतो. नियमाची तपासणी घरीच करा: हेड डोळ्यांच्या पातळीवर आडवं धरून पॉकेटमध्ये चेंडू ठेवा. हेडच्या बाजूच्या भिंतीच्या खालच्या कडेच्या खाली अख्खा चेंडू गेलेला दिसला तर पुरुषांच्या खेळात ती स्टिक बाद.

जाळीची दुरुस्ती शहरात पाठवायची गरज नाही. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांच्या काठी मासेमारीची जाळी विणणारे ढिवर बांधव आहेत. अशा हातांना बाजूच्या दोरीची गाठ एकदा दाखवली की ती आपल्यापेक्षा सुबक बसते. वरच्या बाजूच्या आडव्या दोऱ्या, ज्यांना शूटिंग स्ट्रिंग म्हणतात, त्यांच्या जागी कामचलाऊ म्हणून बुटांची जाडी नाडी चालते. कापलेलं टोक काडीच्या आगीवर हलकं वितळवून घ्या, नाहीतर उसवत जातं.

आता दांडा. ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा घ्या. कार्बन फायबरचा दांडा हलका असतो, पण मोठ्या फटक्यानंतर कधीकधी सरळ तुटतो आणि तुटलेली कड धारदार असते. तालुक्याला बदली दांडा मिळणार नसेल तर तो शौक नको. ॲल्युमिनियमला पोचा येतो, वाकतो, तरी सामना पूर्ण होतो. गोल दांडा टाळा. अष्टकोनी आकारामुळे न बघताही हेडचं तोंड कुठं आहे ते हाताला कळतं.

लाँग पोल घ्यायचाच असेल तर

फील्ड लॅक्रॉसचा संघ झाला, लाँग पोल लागणारच, तर नुसता दांडा ६० इंचांचा येतो आणि हेड धरून तो ७२ इंचांपर्यंत जातो. पूर्ण सहा फूट. सव्वापाच फुटांच्या पोरानं तो तसाच वापरू नये. टोक जड लागतं, एका हातानं पुढं टोचायला गेलं की तोल जातो. साधारण स्वतःच्या उंचीएवढा किंवा थोडा कमी, असा धरून चाला.

कापायचा असेल तर हेड लावून मोजा, कारण नियमातली लांबी हेडसकट असते. कापायचं ते खालच्या टोकाकडून, हेडच्या बाजूनं कधीच नाही. तिकडे स्क्रूचं भोक असतं. कोणत्याही फॅब्रिकेशनच्या दुकानात दोन मिनिटांचं काम आहे, फक्त कानशीनं कड घासून घ्या आणि रबरी टोपण परत बसवा. टोपणाशिवाय पोकळ दांडा मैदानात चालत नाही. आणि एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा: ४२ च्या वर आणि ५२ च्या खाली काहीच नाही. ४८ इंचांवर कापलेली स्टिक ना शॉर्टी ना लाँग पोल. तिचा उपयोग मग जांभळं पाडायला.

पोल यायच्या आधी सराव करायचा तर सरळ बांबू घ्या, साधारण इंचभर जाडीचा, उंचीएवढा. अंतर राखणं, मागं सरकत पाय टाकणं, एका हातानं टोक समोरच्याच्या ग्लोव्ह्जपर्यंत नेऊन परत आणणं, एवढं बांबूवर छान शिकता येतं. कबड्डीत कोपरा सांभाळलेली पोरं हे लवकर पकडतात. बांबूनं एकमेकांना फटके मात्र नको, बांबू उभा चिरतो आणि त्याच्या कुसळा वाईट लागतात.

लाठी-काठी शिकलेल्यांसाठी वेगळं सांगतो. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळापासून गावोगावच्या आखाड्यांपर्यंत विदर्भात काठी फिरवणारे हात पुष्कळ आहेत, आणि दोन हातांनी लांब दांडा सांभाळायची त्यांची सवय इथं सोन्यासारखी उपयोगी पडते. पण काठीचा पूर्ण घुमाव लॅक्रॉसमध्ये स्लॅशिंग, म्हणजे बेफाम फटक्याचा फाऊल, ठरतो आणि एक ते तीन मिनिटं बाहेर बसावं लागतं. म्हणून अशा खेळाडूनं मुद्दाम थोडा जड दांडा घ्यावा. हलका दांडा हातात आला की फिरवायचा मोह होतो. जड दांड्यानं टोचणं आणि उचलणंच जमतं, आणि डिफेन्सचं निम्मं काम तेवढंच आहे.

बूट

यावर फार लिहिण्यासारखं नाही. फुटबॉलचे प्लॅस्टिकच्या खुंट्यांचे बूट चालतात. मुरमाच्या टणक मैदानावर आखूड, जास्त संख्येनं असलेल्या खुंट्या बऱ्या. लांब खुंट्यांनी तळपायाला ठणका लागतो. डिफेन्सवाला सरळ कमी आणि आडवा जास्त पळतो, म्हणून बुटाच्या बाहेरच्या कडेला शिवण पक्की आहे ना बघा. काळ्या मातीवर पाऊस पडून गेला असेल तर कोणताच बूट कामाचा नाही. दहा पावलांत तळव्याला किलोभर माती चिकटते. त्या दिवशी सुट्टी घ्या.

मुलींच्या संघासाठी

मुलींचा लॅक्रॉस वेगळ्या नियमांचा आहे आणि साहित्यही वेगळं लागतं. तिथं लाँग पोल नाही. मैदानी खेळाडूची स्टिक साडेपस्तीस ते सव्वात्रेचाळीस इंच. डिफेन्सच्या मुलीनं मापाच्या वरच्या टोकाची घ्यावी, अंतर राखायला मदत होते. हेल्मेटच्या जागी डोळ्यांवर जाळीचा चष्मा असतो, त्यावर एएसटीएम एफ ३०७७ हे मानक बघा. माउथगार्ड लागतोच. पुरुषांचं हेड मुलींच्या खेळात चालत नाही, तेव्हा "भावाची स्टिक वापरू" हा बेत करू नका.

ऊन, पाऊस आणि पत्र्याचं छत

हेडं नायलॉनच्या जातीच्या प्लॅस्टिकची असतात. उष्णतेनं ती मऊ पडतात आणि दमट हवेतही लवचिक होतात. नवतपात पारा ४५ अंशांवर असताना साहित्य पत्र्याच्या खोलीत किंवा बंद गाडीत ठेवलं तर विकत घेतलेला कडकपणा तिथंच संपतो. मातीच्या भिंतीच्या खोलीत, खाली, माठाजवळच्या गारव्यात ठेवा. उन्हाळ्यात सराव सकाळी सूर्य वर यायच्या आत उरका. दुपारी उन्हात पडलेला ॲल्युमिनियमचा दांडा उघड्या हातानं उचलून बघा म्हणजे कळेल. दांड्याला दोन ठिकाणी, शेवटाला आणि वरचा हात जिथं राहतो तिथं, कापडी टेप किंवा बॅडमिंटनच्या रॅकेटची ग्रिप गुंडाळा. जाड थर नको, हात सरकायला हवा.

सरावानंतर ग्लोव्ह्ज आणि पॅडं पिशवीत कोंबून ठेवली की दुसऱ्या दिवशी वासानंच माणूस परत जातो, आणि गजकर्णाची भेट फुकट मिळते. साध्या साबणाच्या पाण्यानं पुसा आणि सावलीत, वाऱ्यावर टांगा. उन्हात वाळवलेला फोम तडकतो. हेल्मेट शक्यतो ज्याचं त्याचं असावं. एकच फिरवत असाल तर आतलं पॅडिंग दरवेळी पुसा.

चेंडूंबद्दल: ऑनलाइन 'मसाज बॉल' म्हणून जे विकतात ते बऱ्याचदा लॅक्रॉस बॉलच्याच नावानं येतात. भिंतीवर मारून झेलायला चालतात. अंगावर येणाऱ्या सरावासाठी वजन १४२ ते १४९ ग्रॅम भरतंय का ते किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर बघून घ्या. जड निघाला तर बाजूला ठेवा. वापरून गुळगुळीत झालेला चेंडू पॉकेटमधून घसरतो, तोही काढून टाका.

मागवताना आणि नेताना

लॅक्रॉसचं साहित्य बहुतेक परदेशातून येतं. वस्तूच्या किमतीवर पाठवणावळ आणि आयात शुल्क चढतं, आणि लांब खोक्याचा आकार मोजूनही कुरिअरवाले पैसे लावतात. लाँग पोलचं खोकं दीड मीटरचं. त्यामुळे एकट्यानं मागवू नका, चार-सहा जणांनी मिळून एकाच खोक्यात दांडे मागवा. ग्लोव्ह्ज आणि हेल्मेट मात्र प्रत्येकानं आपापलं माप देऊनच. खेपेला एक जादा हेड, दोन जादा मेशचे तुकडे आणि बाजूच्या दोऱ्या घ्या. दांडे टिकतात, हेडं आणि दोऱ्या आधी जातात. मुंबई-पुण्याकडून कुणी ओळखीचं परदेशातून येत असेल तर त्याच्या बॅगेत हेडं आणि ग्लोव्ह्ज बसतात, पोल बसत नाही.

सामन्याला एसटीनं जाताना हेड काढून दांडा वेगळा करा. एकच स्क्रू असतो. दांडे चादरीत गुंडाळून मागच्या सीटखाली आडवे जातात. उभे ठेवले तर कंडक्टर दोन स्टॉपही नेत नाही. स्क्रू त्याच दांड्याच्या भोकात परत फिरवून वरून टेप लावा आणि दोन जादा स्क्रू माउथगार्डच्या डबीत ठेवा. योग्य मापाचा स्क्रू यवतमाळच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळेलही, पण सामना तोवर संपलेला असेल.